लागलं तर?

प्रत्येक घराण्यात एक माणूस असतो. तो स्वतः फारसा कुठे जात नाही, पण घरातलं कुणी कुठे निघालं की आदल्या दिवशी हजर होतो, बाह्या वर सारतो आणि विचारतो, "सुतळी कुठाय?" आमच्याकडे ते खातं मामांकडे आहे. मामा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणते, पण माझ्या लेकीमुळे सांगलीतली आमची अख्खी सोसायटी त्यांना मामा म्हणते, तेव्हा इथेही मामाच.

मामा एसटीच्या आगारात स्टोअर सांभाळून रिटायर झाले. जाताना किल्ल्या तेवढ्या परत केल्या. पतसंस्थेची फुकट मिळणारी डायरी अजूनही त्यांच्याकडे स्टॉक रजिस्टर म्हणूनच वापरली जाते. डाव्या पानावर 'जावक', उजव्या पानावर 'आवक'. कोण कुठे गेलं, काय नेलं, त्यातलं काय परत आलं, सगळं तारीखवार. पुतण्या रत्नागिरीला इंजिनियरिंगला गेला तेव्हा मामांनी त्याला खोबरेल तेलाचा डबा बांधून दिला होता. रत्नागिरीला! "अरे दादा, तिथे नारळाच्या बागा आहेत," असं म्हटलं तर म्हणाले, "बागा आहेत गं, पण पोहोचल्या पोहोचल्या रात्री लागलं तर?"

हे 'लागलं तर?' मामांचं ब्रह्मास्त्र. त्याला उत्तर नाही. 'नाही लागणार' असं छातीठोक कोण सांगणार? आणि कुणी सांगितलंच तर दुसरं वाक्य तयार असतं : "वजन काय, गाडीला आहे. तुला थोडंच उचलायचंय?"

लेकीला मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. मिळाल्याचा आनंद आम्हाला झाला, मामांना कामाला लागल्याचा झाला. तिने आपली यादी फोनवर केली होती. लॅपटॉप, पॉवर बँक, एक्स्टेंशन बोर्ड, हेडफोन, तोंडाला लावायच्या पाच-सहा बाटल्या आणि भिंतीवर सोडायची दिव्यांची माळ. मामांनी चष्मा कपाळावर नेऊन ती वाचली. "दिवाळी कधी आहे यंदा?" एवढंच विचारलं आणि डायरी उघडली.

पहिली नोंद बादली. तिच्या आत दुसरी बादली, त्यात मग, मगात कपड्यांचे चिमटे, चिमट्यांच्या पिशवीत साबणाची डबी आणि डबीत, रिकामी राहू नये म्हणून, सेफ्टी पिना. भांडं रिकामं न्यायचं नाही हा मामांचा धर्म. बुटातसुद्धा मोजे आणि मोज्यात नेलकटर. लेक म्हणाली, "मामा, पिरंगुटला सगळं मिळतं." हे तिने पुढच्या काही दिवसांत इतक्या वेळा म्हटलं की आम्हाला पिरंगुटची बाजारपेठ पाठ झाली. मामा शांत. "मिळतं ना. पण रात्री अकराला?" रात्री अकराला बादली का लागावी, हे विचारायचं सुचेपर्यंत ते चादरींकडे वळलेले असत.

चादर अर्थात सोलापुरी. एक पांघरायला, एक अंथरायला, आणि एक 'असू दे'. शिवाय आमच्या आईच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी. हिच्याबद्दल मात्र लेकीने चकार शब्द काढला नाही, ती तिनेच आधी बाजूला काढून ठेवली होती.

खरं युद्ध पावसावरून पेटलं. कॉलेजं सुरू होतात ती ऐन पावसाळ्यात. "मुळशी म्हणजे ताम्हिणी आणि ताम्हिणी म्हणजे काय पाऊस!" मामा म्हणाले. मी सांगून पाहिलं की ताम्हिणी तालुक्याच्या पार पश्चिमेला, घाटमाथ्यावर. लवळं पुण्याच्या अंगाला, तिथे तेवढा नसतो. "ढगाला तालुक्यातली गावं पाठ असतात होय?" झालं. लांब दांड्याची छत्री, घडीची छत्री, रेनकोट, रबरी चपला, डांबराच्या गोळ्या, कपाटातली ओल शोषायला खडूंचा एक डबा आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाईल इतकी नायलॉनची दोरी. "इरलं मिळालं असतं तर तेही दिलं असतं," असं म्हणून हसले. हसले खरे, पण मला अजून संशय आहे की त्यांनी कुठेतरी चौकशी केली होती.

औषधांचा डबा स्वतंत्र. त्यावर चिकटपट्टी लावून त्यांच्या आगारी अक्षरात तीन कप्पे : 'पोट', 'डोकं' आणि 'इतर'. पोटात ओवा, हिंग, सुंठ, ओआरएसच्या पुड्या. डोक्यात अमृतांजन. 'इतर'मध्ये कैलास जीवन, कारण भाजणं, कापणं, खाजणं, भेगा आणि ज्याला नाव देता येत नाही ते सगळं मामांच्या मते कैलास जीवनच्या अखत्यारीत येतं.

खाण्याचं खातं माझं असूनही त्यात त्यांनी लुडबुड केलीच. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, बेसनाचे लाडू मी भरले. मामांनी भडंगाचे दोन मोठे डबे आणले. एक तिला, दुसरा पहिल्याच दिवशी वाटायला. "रॅगिंगवर इलाज आहे तो. आपल्या राज्यात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ सालीच झालाय, मी वाचलाय. २००९ पासून यूजीसीच्या नियमाने पोराचं आणि आईबापाचं हमीपत्रही घेतात. सगळं चांगलंय. पण कायद्याला वेळ लागतो. सांगलीचं भडंग खाल्लेला माणूस लगेच त्रास देत नाही."

या सगळ्याला ट्रॉली बॅगा पुरणार नाहीत हे उघड होतं. तेव्हा मामांनी आपली जुनी पत्र्याची ट्रंक काढली. नव्याने हिरवा ऑइलपेंट दिलेला, झाकणावर पांढऱ्या अक्षरात लेकीचं नाव आणि खाली 'मु. पो. लवळे, ता. मुळशी, जि. पुणे'. लेकीने डोळे मिटून घेतले. "कॉटखाली जाते. मोजून बघ," मामा म्हणाले.

ही ट्रंक त्यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात कोल्हापूरला गेली होती. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि मग निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहत गेली. त्यांतल्याच एकात मामा राहत. गावाकडून जेवणाचा डबा रोज एसटीने येई, कंडक्टर तो स्टँडवर उतरवून ठेवी. एसटीबद्दलची त्यांची निष्ठा तिथली आहे, पगाराची नाही. त्या वेळी सामान बांधलं आजोबांनी : ट्रंक, वळकटी, ताट-वाटी-तांब्या. बादली राहिली. सहामाहीपर्यंत मामा दुसऱ्याची बादली मोकळी व्हायची वाट बघत अंघोळीच्या रांगेत शेवटी उभे राहत आणि पहिल्या तासाला ओल्या डोक्याने पोहोचत. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही हिशेबातली चूक दाखवावी तसं. रुसवा वगैरे काही नाही. फक्त आमच्या घरातलं कुठलंही पोर तेव्हापासून बादलीशिवाय उंबरा ओलांडू शकलेलं नाही.

निघालो. पुढच्या सीटवर मामा, मांडीवर गुंडाळलेली मच्छरदाणी. खंबाटकी गेला, कात्रज गेला आणि चांदणी चौकात आम्ही चुकलो. तिथले नवे उड्डाणपूल २०२३ मध्ये खुले झाले, आणि त्यांवरून नेमकं पौड रस्त्याला उतरणं ही बाहेरगावच्या माणसाची परीक्षाच असते. आमचे हे पाट्या वाचत होते आणि मामा इतिहास सांगत होते. "इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री स्फोट करून पाडला. पण तो पुरता पडेना! आतलं लोखंड तसंच उभं. शेवटी पोकलेन लावून खाली घेतला. जुना माल!" आणि अभिमानाने डिकीकडे पाहिलं. जसा काही तो पूल त्यांच्याच स्टोअरमधून गेला होता. तोवर आम्ही बावधनचं वळण दुसऱ्यांदा पाहिलं.

भूगाव, भुकूम मागे पडलं तशी रस्त्याकडेच्या खाचरांतून भातलावणी दिसायला लागली. लेकीने मामांना डिवचायला म्हटलं, "याच तालुक्यात खुबवलीजवळ महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९९७ पासून. जगभरातनं मुलं येतात. विमानात तेवीस किलोची बॅग, बास. तेवढ्यात येतात ती."

मामांनी जरा विचार केला. "येत असतील. पण मग मागत असतील कुणाकडे तरी."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मुळशी धरण इकडूनच पुढे ना?" मी हो म्हटलं. टाटांनी विजेसाठी मुळा नदी अडवली, पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडून वीज केली. त्यात मावळखोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार होती म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले. हे आम्ही सगळ्यांनी शाळेत वाचलेलं. मामांचा प्रश्न मात्र वेगळा निघाला. "त्या लोकांनी बांधताना काय काय घेतलं असेल गं?" गाडीत कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनीच "छत्री वर आहे ना, खाली दबली नाही ना?" असं विचारून विषय मिटवला.

कॉलेजच्या गेटवर तपासणी. नियमांच्या कागदावर हीटर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड यांना मनाई असल्याचं लेकीने आठ दिवस आधीच वाचून दाखवलं होतं. तरीही मच्छरदाणीच्या गुंडाळीतून रॉड निघाला. आम्ही सगळे आकाशाकडे बघायला लागलो. मामा अजिबात ओशाळले नाहीत. "ठेवा जमा, पण पावती द्या," ते वॉचमनला म्हणाले. वॉचमनने मोठं रजिस्टर उघडलं : अनुक्रमांक, वस्तू, नाव, सही, परतीची तारीख. मामांचा चेहरा उजळला. "रेघा हातानं मारता?" मग दोघांत जे बोलणं रंगलं, त्यात आमच्या मागे उभ्या असलेल्या चार गाड्यांनी हॉर्न वाजवले. रॉड गेल्याचं दुःख मामांना झालंच नाही. पुढे कितीतरी दिवस सांगत, "जागा चांगली आहे. रजिस्टर नीट आहे."

खोलीत गादी आधीच होती, त्यामुळे आम्ही सांगलीहून आणलेली कापसाची गादी आल्या पावली परत डिकीत गेली. मामांनी तिची नोंद 'आवक'मध्ये केली. लेकीची रूममेट इंदूरहून आली होती, एक सूटकेस घेऊन. तिचे वडील कपाटाच्या ढिल्या कडीकडे हताशपणे बघत होते. त्यांनी नुसतं "पेचकस..." म्हणायचा अवकाश, मामांनी ट्रंकेच्या कोपऱ्यातून स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड दोन्ही पुढे केलं. नंतर खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी ताणली, टपावरच्या ताडपत्रीला मारतात ती गाठ मारली आणि भाचीला दोनदा सोडायला, दोनदा बांधायला लावली. निघताना पाया पडायला आली तर म्हणाले, "किल्ली दोन ठिकाणी ठेव." आशीर्वाद तोच.

परतताना डिकी जवळजवळ मोकळी. गादी होती, पण मामांना ते रितेपण सोसवेना. पौड रस्त्यावर एका दुकानासमोर गाडी थांबवून त्यांनी इंद्रायणी तांदळाचं पोतं घेतलं. घरात तांदूळ होता. "मुळशीत येऊन तांदूळ न नेणं बरं दिसत नाही," हे कारण.

पुढे पाऊस लागला. लेकीचा फोन येई तो त्याच्याच गोष्टी घेऊन : जीन्स वाळत नाहीत, बुटांना बुरशी आली, लाईट गेली. आणि मग हळूहळू दुसऱ्या गोष्टी यायला लागल्या. मजल्यावरच्या पोरींना सुई-दोरा लागला की त्या हिच्या खोलीत येतात. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची चप्पल तुटली, कुणाला डासांनी फोडलं, मोर्चा इकडेच. कोची, गुवाहाटी, नागपूर, सगळ्यांना कैलास जीवनचं नाव पाठ झालं. खोलीतल्या दोरीवर निम्म्या मजल्याचे मोजे वाळतात. आणि कॉटखालच्या त्या हिरव्या ट्रंकेला पोरींनी नाव ठेवलंय 'मामा'. "मामा में देख, मिल जाएगा," असं त्या एकमेकींना सांगतात. खऱ्या मामांना त्यातल्या एकीनेही पाहिलेलं नाही.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "दोरी किती वाळवणाला पुरते? अजून एक पाठवू?"

दिवाळीला लेक आली तेव्हा डायरी निघाली. ती कशी आहे, अभ्यास कसा चाललाय, मित्रमैत्रिणी कोण, यातलं मामांनी काही विचारलं नाही. चिमटे मोजले. कमी भरले, तिथे 'खर्ची' लिहिलं. भडंगाचे दोन्ही डबे रिकामे आले म्हणून खूश झाले. घडीची छत्री कोणत्या मुलीकडे राहिली तिचं नाव लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं 'वसुली नको'. मच्छरदाणी घडीसुद्धा न मोडता परत आली होती. लेक विजयी मुद्रेने त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा डाव्या पानावर चढवली. "अजून तीन वर्षं आहेत," म्हणाले.

यंदा तुमच्या घरातून कुणी पहिल्या वर्षाला होस्टेलवर निघालं असेल, तर एवढं ऐका. तुमच्या मामांशी, काकांशी, आत्याशी, जे कुणी तुमच्याकडे हे खातं सांभाळत असेल त्यांच्याशी, यादीवरून वाद घालू नका. गाडीची डिकी तेवढी आदल्या रात्री मोकळी करून ठेवा, आणि सुतळी कुठे आहे ते बघून ठेवा.