विंडोज मारणे आणि इतर उपाय

हदगावचा वैशाख ज्यांनी भोगला आहे, त्यांना दुपारी बारा ते चार या वेळात कोणत्याही सजीव वा निर्जीव वस्तूने आपला वेग कमी केल्यास नवल वाटत नाही. परंतु आमच्या पुतण्याचा लॅपटॉप मात्र या सर्वसामान्य नियमाला अपवाद असावा, अशी त्याच्यापायी मोजलेल्या रकमेवरून घरातल्या सर्वांची समजूत होती. म्हणून २०१५ साली संगणकावर आलेल्या ‘जीटीए ५’ या मोटारी पळवण्याच्या (दोन्ही अर्थांनी) खेळात पहिली वीस मिनिटे सेकंदाला साठ चित्रे दाखवणारे ते यंत्र एकविसाव्या मिनिटाला अकस्मात बारावर येऊ लागले, तेव्हा रीतसर चौकशी बसवणे प्राप्तच झाले. “काका, लई लॅग मारू लालाय बघा,” एवढीच फिर्यादीची कैफियत होती.

“लाइट गेली की अजूनच रेंगाळतंय,” अशी जबानी वहिनींनी स्वयंपाकघरातून दिली, ती अर्थातच कोणी दप्तरी दाखल केली नाही. वास्तविक साऱ्या चौकशीत शास्त्रशुद्ध असे तेवढेच विधान होते. कारण ग्राफिक्स कार्डाला खेळाच्या भरात लागणारी वीज एकटी बॅटरी पुरवू शकत नाही, आणि भारनियमन सुरू होताच यंत्र स्वतःच हात आखडते घेते.

नांदेडच्या एका तज्ज्ञाने लॅपटॉप न उघडताच “विंडोज मारावी लागेल” असा निकाल दिला. आमच्या मुलखात रोग कोणताही असो, उपाय काहीतरी मारण्याचाच असतो. कापसावर औषध मारतात, तशी विंडोज मारली गेली, आणि औषध पचवून गुलाबी बोंडअळी पुन्हा हजर व्हावी तसा तो विकार बरोबर एकविसाव्या मिनिटाला हजर झाला. मग रॅम वाढवण्याची दरखास्त आली. ती खर्चाच्या कारणास्तव तहकूब ठेवून मी स्वतःच चष्मा पुसला आणि पेचकस हाती घेतला.

खालचे झाकण निघाले आणि सारे प्रकरण उघडे पडले. पंखा आणि त्यापुढील तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्यामधल्या फटीत धूळ व कापसाचे तंतू एकजीव होऊन नमद्यासारखा करडा थर बसला होता, तो चिमट्याने धरताच अखंड निघून आला. दिवाळीत वेचलेला कापूस भाव वाढेल या आशेवर थोरल्या बंधूंनी वैशाखापर्यंत माजघरात रचून ठेवला होता, आणि त्याच खोलीत, कापसाच्याच गादीवर, हवेची खालची भोके दाबून चिरंजीव खेळत होते! प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधला लेप तर पानाच्या डब्यात विसरलेल्या चुन्यासारखा वाळून भुगा झाला होता. पुष्कळ कंपन्या लॅपटॉपसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सांगतात. आमच्याकडे तेवढे तापमान सकाळी दहालाच झालेले असते. अशा स्थितीत आतला प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात पोचला की जळून जाण्यापेक्षा काम मंदावणे पसंत करतो, यात त्याचा दोष कोणता?

थर काढला, नवा लेप लावला. शिवाय पुतण्याने कोठूनसा आणखी एक उपाय मिळवला होता: प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभर टक्क्यांवरून नव्व्याण्णव करावयाची. ही एक टक्का कपात मला फार आवडली, कारण तिच्यात सरकारी आकडेवारीचे सर्व गुण आहेत; कागदावर एकच टक्का कमी होतो, प्रत्यक्षात टर्बो बंद पडून साडेचार गिगाहर्ट्झची झेप थेट अडीचवर येते. आणि चमत्कार असा की खेळाला त्याची फारशी झळ लागत नाही. प्रोसेसरची घाई कमी झाल्याने वाचलेली थंडाई ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येते, आणि खेळ साठावर स्थिर राहतो.

एक अट मात्र उरली: यंत्र गादीवर नव्हे, सपाट लाकडावर ठेवले पाहिजे. घरात तसे लाकूड एकच, ते म्हणजे माझे लिहिण्याचे मेज. कापसाला अद्याप भाव आलेला नाही, तो माजघरात आहे तसाच आहे. आणि हा मजकूर मी त्याच्या शेजारी, गादीवर पालथा पडून, नाकात जाणारे तंतू पुसत लिहीत आहे. पहिल्या वीस मिनिटांत चांगला झाला होता.