घरच्याघरीवाले नाना

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत गाडी गॅरेजला नेणं हा चारित्र्याचा प्रश्न आहे. निदान बी विंगेतल्या नानांच्या लेखी तरी. तुमची गाडी दुरुस्त होऊन गेटातून आत येताना दिसली की ते गॅलरीतून एवढंच विचारतात, "किती घेतले?" तुम्ही खरा आकडा सांगा, खोटा सांगा, पुढचं वाक्य ठरलेलं. "दीडशेचं काम. घरच्या घरी झालं असतं."

असा एक घरच्याघरीवाला प्रत्येक सोसायटीत असतो. गीझरची कॉइल, मिक्सरचं कपलर, टाकीचा बॉलकॉक, सगळं त्याच्या हातून जातं. काही परत येतं. नानांच्या गॅलरीत श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची उतरंड आहे आणि तिच्यात उरलेले स्क्रू आहेत. ते कशातून उरले, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नाही.

मात्र नानांना अडाणी म्हणाल तर चुकाल. भोसरीच्या एमआयडीसीत तेहेतीस वर्षं त्यांनी हायड्रॉलिक प्रेस सांभाळले. त्यामुळे चौदा वर्षांच्या त्यांच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचे कॅलिपर जाम झाले, तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, घरचं कार्य निघाल्याचा उत्साह होता. स्पेअर पार्ट आणायला ते नाना पेठेत गेले. ती पेठ नाना फडणवीसांच्या नावाची आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण तिथे वावरताना त्यांची चाल मालकाची असते. दोन नवे कॅलिपर, पॅड आणि डॉट चार ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन आले. कॅलिपरची खोकी छान मजबूत निघाली, म्हणून ती लगेच वर गेली. स्क्रूंना लागतातच.

शनिवारी जोडणी झाली. डाव्या चाकाच्या होजला थोडा पीळ बसत होता, उजव्याच्याही. "बसेल हळूहळू," नाना म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी पेडल दाबलं. आधी काहीच लागलं नाही, मग काहीतरी मऊ लागलं, मग थेट गाडीची जमीन. ढोकळ्यावर पाय द्यावा तसं. मेकॅनिक लोक याला "पेडल स्पंज मारतंय" म्हणतात. नाना म्हणाले, "एअर धरलीय," आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आम्हा चौघांना पास्कल समजावून सांगितला. तेल दाबून दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत जातो. हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला की तुमचा जोर तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होतो. "सरकारी अनुदानासारखं," नाना म्हणाले. "वरून निघतं, खाली पोचत नाही."

एअर काढायला माणसं लागतात दोन. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून कॅलिपरचा निपल पान्याने ढिला करायचा. बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं. निपल पुन्हा आवळला की मगच पेडलवरचा पाय उचलायचा, नाहीतर बाहेर गेलेली हवा त्याच वाटेने परत आत येते. निपलला नानांनी मासे पाळायच्या टाकीची नळी लावली होती आणि तिचं टोक एका बरणीतल्या तेलात बुडवलं होतं. आत काकू बसल्या होत्या.

"दाब. धर. धर... सोड."

अशा चार फेऱ्या नीट झाल्या. पाचव्या वेळी निपल उघडा असताना काकूंनी खिडकीतून सहज चाकाकडे पाहिलं आणि एकदम दार उघडून बाहेर आल्या. "अहो, ही माझी मोरांब्याची बरणी!" पेडल वर, नळी हवेत, बरणी काकूंच्या हातात. तासाभराची सगळी हवा सुर्रकन आत गेली. ब्रेक ऑइल विषारी असतं, त्यामुळे बरणीही स्वयंपाकघरातून कायमची गेली. त्यानंतर काकू पेडलवर बसल्या नाहीत. जागा रिकामी झाली आणि तिथे माझी नेमणूक झाली.

माणूस तीन तास फक्त डाव्या-उजव्या चाकाकडून येणाऱ्या "दाबा, धरा, सोडा" या तीन शब्दांवर जगला की त्याला स्वतःचं मत उरत नाही. मध्येच वरच्या टाकीतलं तेल संपलं, तिकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. मास्टर सिलिंडरने मनसोक्त हवा ओढली. पुन्हा पहिल्यापासून. बाटलीचं झाकण मी उघडं ठेवलं म्हणून बोलणीही खाल्ली. हे तेल हवेतली ओल पितं. नवं डॉट चार निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं, आणि उकळलं की घाटात वाफ होऊन पेडल खाली. हे सगळं नानांनी मला मान वर न करता सुनावलं. ते सांगत असताना त्यांच्या हातातून ओघळलेलं तेल सेक्रेटरींच्या स्कूटरच्या मडगार्डचा रंग खात होतं.

दुसऱ्या रविवारपर्यंत तीन बाटल्या संपल्या. पेडल ढोकळ्यावरून फार तर इडलीवर आलं. निदान करणाऱ्यांची गर्दी मात्र वाढली. "मास्टर सिलिंडर गेलाय." "होज फुगतोय." एकाने मागच्या ड्रममधले शू ॲडजस्ट करायला सांगितलं. तो सल्ला खोटा नव्हता, शूंमध्ये गॅप जास्त असला तरी पेडल खोल जातं. नानांनी तेही केलं. पेडल थोडं वर आलं, मऊ ते मऊच.

एक गोष्ट मात्र नानांच्या बाजूने सांगायलाच हवी. या पंधरा दिवसांत त्यांनी ती गाडी एकदाही गेटबाहेर काढली नाही. "दोन-तीनदा पंप मारला की लागतो ब्रेक," असं म्हणत महामार्गाला लागणारे महाभाग माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या शेजारी बसण्यापेक्षा मी नानांची गाडी ढकलेन.

शेवटी सोमवारी सकाळी गाड्या पुसणारा पोरगा चाकाशी वाकला. गावाकडे त्याने वर्षभर गॅरेजात पाने धुतले होते.

"नाना, निपल खाली का हो?"

"म्हणजे?"

"वर पाहिजे ना. हवा तर वर जाते. तुम्ही खालून काढताय."

नाना गुडघ्यांवर बसले, बघितलं, उठले, दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही बसले. डावा कॅलिपर उजवीकडे होता आणि उजवा डावीकडे. पंधरा दिवस आम्ही खालच्या भोकातून नुसतं तेल काढत होतो आणि बुडबुडा वरच्या कोपऱ्यात निवांत बसून होता. होजला पीळ का पडत होता तेही आता कळलं. डावा कुठला आणि उजवा कुठला ते खोक्यांवर लिहिलेलं होतं. खोकी गॅलरीत होती.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डिझाइनचा दोष आहे हा. उलटा बसूच शकता कामा नये. आमच्या भोसरीत असं ड्रॉइंग पास झालं नसतं."

कॅलिपरची अदलाबदल करून एअर काढायला पाऊण तास लागला. पेडल विटेसारखं घट्ट झालं. नानांनी पाकीट काढलं, पोराच्या हातावर दीडशे रुपये ठेवले आणि गॅलरीतल्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघ, दीडशेचंच काम होतं."

कालपासून त्यांनी बी विंगेच्या पंपाचं पॅनल उघडलं आहे. विंगेतलं कोणी हे वाचत असेल, तर कृपया आधी बादल्या भरून घ्या.