कलम 24 साहेब, जरा ओरछ्याला येता का?

प्रति,
श्रीमान कलम 24 साहेब,
केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017,
यांस झाशीहून सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले आभार मानायचे फार दिवस राहून गेले आहेत. मी घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवते आणि ऑनलाइन विकते. एका खेपेला वीस-पंचवीस. बोर्ड मातीत खोचायचा. तो ओल मोजतो आणि पिकाला पाणी हवं असलं की लाल दिवा लावतो. बुंदेलखंडात पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. एवढ्याशा वस्तूची दखल संसदेने मंजूर केलेल्या कायद्यातल्या आपल्यासारख्या थोर कलमाने घ्यावी, हे आमचं भाग्य.

आपले थोरले बंधू कलम 22 स्वभावाने सैल. त्यांच्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला 1 एप्रिल 2019 पासून वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. छोट्या माणसाला कागदाच्या कामात अडकवू नये, असं त्यांचं मत. आपण असल्या भावनेच्या आहारी जात नाही. आपला पहिलाच खंड सांगतो की, करपात्र माल राज्याबाहेर विकणाऱ्याने नोंदणी केलीच पाहिजे. मग तो माल 40 लाखांचा असो की 400 रुपयांचा. गरीब-श्रीमंत हा भेद आपल्या मनाला शिवतच नाही.

साहेब, आपण झाशी पाहिली आहे का? नकाशावर बघा. उत्तर प्रदेशातून खाली लोंबणारा हा तुकडा, आणि त्याच्या अवतीभवती मध्य प्रदेश. ओरछा आमच्यापासून वीस किलोमीटरच्या आत. दतिया तीसेक किलोमीटर. दोन्ही मध्य प्रदेशात. उलट बिहारच्या सीमेवरचं बलिया इथून सहाशे किलोमीटरहून लांब, पण ते आमच्याच राज्यात. म्हणजे बलियाच्या शेतकऱ्याला बोर्ड पाठवला तर मी स्थानिक विक्रेती, आणि ओरछ्याच्या भाजीवाल्याला दिला तर आंतरराज्य व्यापारी. घरबसल्या एवढी बढती दुसरं कोण देतं?

रेल्वेने तर आणखी बहार येते. झाशीहून गाडी सुटली की आधी ओरछा स्टेशन लागतं, मग बरुआसागर. बरुआसागर पुन्हा उत्तर प्रदेशात. बोर्ड बरुआसागरला उतरला तर निष्पाप, अलीकडे ओरछ्याला उतरला तर गुन्हेगार. आमच्या बोर्डाला भूगोल शिकवल्याबद्दल आपली ऋणी आहे.

इतिहासही आपल्यामुळे नव्याने समजला. झाशीचा किल्ला 1613 मध्ये बांधला ओरछ्याच्या बीरसिंह देव राजाने. तेव्हा आपण नव्हता, म्हणून निभावलं. आपण असता तर त्या बांधकामाचा पहिला दगड इकडे येण्यापूर्वी राजाला आधी पॅन क्रमांक द्यावा लागला असता.

'एक राष्ट्र, एक कर, एक बाजार' अशी घोषणा आम्ही ऐकली होती. 1 जुलै 2017 नंतर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, ट्रकांच्या रांगा गेल्या, खरंच बरं झालं. नाका कुठे गेला, हे मला नंतर कळलं. तो माझ्या टेबलावर आला आहे, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर यांच्या मधोमध.

आता माझं काम किती धोक्याचं आहे, तेही आपल्या कानावर घालते. रिकामा बोर्ड क्लॅम्पमध्ये धरायचा. फ्लक्सचा ठिपका लावायचा. तांदळाच्या कणीएवढे रेझिस्टर चिमट्याने उचलून जागेवर ठेवायचे आणि टोकाला सोल्डर द्यायचं. जोड चकचकीत आला तर ठीक, मंद दिसला तर पुन्हा गरम करायचा. मातीत जाणाऱ्या बाजूची कड उघडी राहिली तर ती पाणी पिते आणि आकडे खोटे येऊ लागतात. म्हणून त्या कडेला नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे. लाल नेलपॉलिश चांगलं, कुठे सुटलंय ते लगेच दिसतं. मग एक बोर्ड कोरड्या मातीत, एक ओल्या मातीत, दिवा बघायचा आणि पाकीट बंद. या सगळ्या उद्योगावर देशाच्या महसुलाची सुरक्षा अवलंबून आहे, हे आपण ओळखलंत.

बाजूच्या काकू पापड करतात. पापडावर जीएसटी नाही, आणि नुसता करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणी नाही. त्यांचे पापड ओरछ्याला जातात, दतियाला जातात, खुशाल नागपूरला जातात. माझा बोर्ड गच्चीवरून ते जाताना पाहतो. घरगुती उद्योग करणाऱ्या बाईने पापडच लाटावेत, हा आपला प्रेमळ सल्ला मला पोचला.

हस्तकारागिरांवरही आपली माया आहे. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तू 20 लाखांपर्यंत नोंदणीशिवाय राज्याबाहेर विकता येतात. पॅन हवा आणि ई-वे बिल हवं, एवढंच. मी मोठ्या आशेने व्याख्या वाचली. वस्तू मुख्यतः हाताने केलेली असावी: आहे. अवजारं वापरली तरी चालतील: वापरते. पण ती दिसायला सुबक, नक्षीची किंवा जडावाची हवी. हिरव्या पाटीवर तांब्याच्या इतक्या रेघा मी काढते, त्यांना आपण नक्षी मानत नाही. त्या रेघांतून वीज वाहते, हाच त्यांचा दोष. बोर्ड बंद पडलेला विकला आणि भिंतीवर टांगायला सांगितलं, तर काही विचार होईल का?

सेवा देणाऱ्यांवर आपली कृपा त्याहून मोठी. ऑक्टोबर 2017 पासून 20 लाखांपर्यंतची सेवा नोंदणीशिवाय राज्याबाहेर देता येते. म्हणजे ओरछ्याच्या गिऱ्हाइकाला मी बोर्डाचं डिझाइन करून देण्याची फी घेतली आणि फाइल ईमेलने पाठवली, तर आपल्याला चालतं. ती फाइल त्याने चीनच्या कारखान्यात पाठवून पाच बोर्ड छापून मागवले, तर ते बिचारे समुद्र ओलांडून येतील. झाशीत जोडलेला बोर्ड मात्र राज्याची सीमा ओलांडताना आपल्याला विचारून जाईल. देशी उत्पादनाला प्रोत्साहन म्हणतात ते हेच असणार.

आपण अजिबात निष्ठुर नाही, हेही वाचकांना सांगितलं पाहिजे. पूर्वी ऑनलाइन बाजारातून विकायचं तर आपल्या नवव्या खंडामुळे स्वतःच्या राज्यात विकायलाही नोंदणी लागे. 1 ऑक्टोबर 2023 पासून ती अट सैल झाली. आता नोंदणीऐवजी नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन मला ऑनलाइन विकता येतं. अट एकच: राज्याबाहेर एकही नग जाता कामा नये. इंटरनेट साऱ्या जगाला जोडतं, म्हणून आपण त्याला चित्रकूटपासून गाझियाबादपर्यंत कुंपण घातलंत. पुण्याच्या आतेभावाने बोर्ड मागितला तर त्याला फुकट पाठवते. फुकट पाठवायला आपली हरकत नाही. पैसे घेतले की मी आंतरराज्य होते.

यावर उपाय म्हणून गिऱ्हाइकाने झाशीला येऊन रोख पैसे देऊन बोर्ड न्यावा, असं मी सुचवत असे. पण त्याच 1 ऑक्टोबर 2023 पासून आंतरराज्य कराच्या कायद्यातही नवा पोटखंड आला. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा जो पत्ता बिलावर लिहाल, ती पुरवठ्याची जागा. पत्ता न लिहिल्यास जागा विक्रेत्याची. आणि बिलावर नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखंच. तेव्हापासून दारात आलेल्या माणसाला मी पाणी विचारते, चहा विचारते, फक्त 'कुठून आलात' हे विचारत नाही. तो आपण होऊन 'भाभीजी, हम ओरछा से' म्हणू लागला की मी घाईघाईने हवापाण्याचा विषय काढते. अतिथीशी असं वागायला माझ्या आईने शिकवलं नव्हतं, आपण शिकवलंत.

मेळ्यात दुकान लावण्याचाही विचार केला. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. तिथे चार दिवस टेबल मांडलं तर आपल्या दुसऱ्या खंडाप्रमाणे मी 'प्रासंगिक करपात्र व्यक्ती' ठरते. किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा, आणि किती विक्री होईल याचा अंदाज बांधून त्यावरचा कर आधीच भरायचा. आधी कर, मग विक्री, मग जमलं तर गिऱ्हाईक. व्यवसायाचा असा सुरेख क्रम मला सुचला नसता.

'मग करून टाक नोंदणी, फुकट तर असते,' असं आपण म्हणाल. बरोबर आहे, नोंदणीला फी नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून छोट्या अर्जदारांना ती तीन कामकाजाच्या दिवसांत देण्याची सोयही झाली आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतिपत्र आणि विजेचं बिल जोडायचं. 1854 मध्ये डलहौसीसाहेबांनी दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली, तेव्हापासून इथली मराठी घरं कागदपत्रं जपूनच ठेवतात, तेही जमेल. शिवाय नियम 18 प्रमाणे प्रवेशद्वाराच्या पाटीवर 15 अक्षरी क्रमांक लिहायचा. सासऱ्यांच्या नावाखाली, गणपतीच्या फरशीच्या वर, 09 ने सुरू होणारा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, घर जप्त झालंय.

कराचं म्हणाल तर मी चुकवू पाहत नाही, हिशोब बघा. 400 रुपयांच्या बोर्डात 200 रुपयांचे सुटे भाग, त्यावर 18 टक्क्यांनी 36 रुपये कर मी आत्ताही भरते. नोंदणीनंतर 400 मधला कर होतो 61 रुपये, त्यातून हे 36 वजा, उरले 25. नगामागे 25 रुपये! महिन्याला वीस बोर्ड धरले तर 500. साहेब, ते 500 रुपये मी दर महिन्याला आपल्याला पाकिटात घालून, वर हळदकुंकू वाहून पाठवायला तयार आहे.

पण आपल्याला पैशांचा मोह नाही, आपल्याला सहवास हवा. म्हणून विवरणपत्रं. महिन्याची किंवा तिमाहीची, विक्री झाली तरी आणि नाही झाली तरी. एकही बोर्ड विकला नाही, तर 'काहीच विकलं नाही' असं वेळेत कळवायचं. कळवायला उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये. विकलं असेल तर दिवसाला 50. हे सगळं नीट भरून देणारा सीए त्या 500 रुपयांच्या करासाठी जेवढी फी घेतो, त्यात माझा पुढच्या खेपेचा अर्धा माल येतो.

आणि नोंदणी न करता चुकून एक बोर्ड ओरछ्याला गेलाच, तर कलम 122 आहेच. दंड 10,000 रुपये किंवा बुडवलेला कर, यांतलं जे जास्त असेल ते. 61 रुपये आणि 10,000 रुपये यांत जास्त काय, हे बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला विचारलं. त्यालाही लाल दिवा लागला.

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. जीएसटी हा माल जिथे वापरला जातो त्या राज्याचा कर. नोंद न होता माल सीमा ओलांडू लागला, तर मध्य प्रदेशचा वाटा बुडेल आणि मोठे व्यापारी दहा छोट्या नावांनी माल ढकलतील. भीती रास्त आहे. पण हीच भीती हस्तकलेच्या आणि सेवेच्या बाबतीत 20 लाखांची मर्यादा, पॅन क्रमांक आणि ई-वे बिल यांच्या आधारे सांभाळता आली. माझ्या बोर्डापाशी येऊनच ती इतकी का वाढते?

वाचकहो, एवढा वेळ साहेबांच्या खांद्यावरून हे पत्र वाचलंत, आता तुमच्याशीच बोलते. कलमं स्वतःहून बदलत नाहीत, त्यांत बदलाची शिफारस जीएसटी परिषद करते. त्या परिषदेत केंद्रीय अर्थमंत्री असतात आणि उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांचे मंत्रीही एकाच टेबलाला बसतात. नवा कायदा नको, अनुदान नको, करमाफीही नको. हस्तकलेला आणि सेवेला राज्याबाहेर जी 20 लाखांची सवलत आहे, ती घरी बनवलेल्या वस्तूंनाही द्या, एवढीच मागणी. तुमच्या ओळखीत कोणी घरी बोर्ड जोडत असेल, साबण करत असेल, दिवे बनवत असेल, तर तिला हे सांगा आणि तुमच्या खासदाराला, आमदाराला एक पत्र लिहा. माझं पत्र साहेबांना पोचलंय. ते उत्तर देत नाहीत. लोकप्रतिनिधींना द्यावं लागतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
झाशीची एक बोर्डवाली