‘फोटोचं मी बघतो’ म्हणणाऱ्या काकांस



पत्र उघडं लिहिते आहे, राग नसावा. आमच्या लग्नाचा अल्बम तुम्ही स्वतः पिशवीत घालून नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना दाखवून आलात, मग पत्रानेच तेवढं पाकिटात का राहावं? शिवाय निमित्त ताजं आहे. धाकटीचं मार्गशीर्षात ठरलं आणि परवाच्या बैठकीत कपबशी खाली ठेवता ठेवता तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, “फोटोचं टेन्शन घेऊ नका, फोटोचं मी बघतो.” बाबांनी मान डोलावली. आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या वेळी तुम्ही काय काय बघितलंत, ते एकदा नोंदवून ठेवलेलं बरं. कार्यालय आपण वर्षभर आधी घेतलं होतं. केटरर, मेंदीवाली, फेटेवाला, सनईवाला, सगळे दिवाळीआधी पक्के. फोटोग्राफरला मात्र तुम्ही लग्न आठवड्यावर आल्यावर फोन केलात. तुळशीची लग्नं लागली की अख्खा महाराष्ट्र त्याच मोजक्या मुहूर्तांवर बोहल्यावर चढतो, हे पंचांग पाठ असलेल्या माणसाला मी पामराने काय सांगायचं? गावातले झाडून सगळे बरे फोटोग्राफर त्या दिवशी दुसऱ्यांच्या अंतरपाटापाशी उभे होते. तुम्ही डगमगला नाहीत. मित्राच्या भाच्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ तुमच्या बरोबर लक्षात आला. त्या मुलाला तुम्ही एकच प्रश्न विचारलात: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? उत्तर ऐकून तुमचं समाधान झालं आणि नियोजन संपलं. जोडीला आणखी एक जण लागेल, असं तो बिचारा म्हणाला, तर “एका नवरीला दोन कॅमेरे कशाला?” म्हणून तुम्ही त्याला गप्प केलंत. वाचलेल्या पैशांत ड्रोन आणलात.

दोन कॅमेरे कशाला, ते आता सांगते. मी आतल्या खोलीत अष्टपुत्री नेसून गौरीहरापुढे बसले होते, तेव्हा बाहेर मंडपात जावयांचा मधुपर्क चालला होता. दोन्ही एकाच वेळी चालतं, आपल्या लग्नात ते तसंच असतं. अख्ख्या लग्नात नवरी एकटी आणि शांत असते ती तेवढीच वेळ. खिडकीतून छान तिरपं ऊन येत होतं. माझ्यामागे अकरा बॅगा, चार्जरच्या वायरी, पाण्याच्या अर्धवट बाटल्या आणि कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. तो पसारा हलवा म्हणून आदल्या दिवशी कुणाला सांगितलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. अर्थात हलवला नाही तेही बरंच झालं म्हणा, कारण फोटो काढायलाच कुणी आलं नाही. एकुलता एक कॅमेरा जावयांचे पाय धुतानाचे फोटो काढत होता. ते छान आलेत. पावलं अगदी स्पष्ट आहेत.

अंतरपाटाचं सांगू? १२ बाय ३६ इंची अल्बमच्या मधल्या दोन पानांवर पसरलेला तो फोटो तुम्ही सगळ्यांना दाखवलात, पण नीट पाहिलात का? डावीकडे मामांचा खांदा. उजवीकडे करवलीच्या हातातल्या लामणदिव्याची साखळी. आणि मधोमध, शिलाईच्या बरोबर वर, तुमची पाठ. सफारीवर घामाचा नकाशा. हात उंचावलेले, हातात मोबाइल आणि मोबाइलच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढे आम्ही दोघं. अंतरपाट खाली आला त्या क्षणाचा आमच्याकडे असलेला एकमेव पुरावा म्हणजे तुमच्या मोबाइलच्या पडद्याचा फोटो. म्हटलं, निदान तुमचा व्हिडिओ तरी असेल. तो असता, पण चालू करायचं बटण तुम्ही मंगलाष्टकं संपल्यावर दाबलंत. त्यात स्टेजच्या जिन्याचा लाल गालिचा आहे, तुमचे मोजे आहेत आणि “झालं का रे रेकॉर्ड?” हा तुमचा प्रश्न आहे.

रंगांबद्दल तर काय बोलावं! डेकोरेटरने स्टेजवर जांभळे आणि हिरवे दिवे लावले, ते तुम्हाला फार आवडले. त्या दिव्यांत आदल्या दिवसाची हळद कुठल्या कुठे गेली, गुरुजी वांग्यासारखे दिसताहेत आणि सासूबाईंची मोरपंखी पैठणी कोणत्या रंगाची होती यावर अजून वाद चालू आहे. मी त्या मुलाला विचारलं, हे नंतर कंप्युटरवर सुधारता येत नाही का? तो म्हणाला, ताई, थोडाफार पिवळेपणा काढता येतो, पण नुसता जांभळा उजेड चेहऱ्यावर पडला की त्वचेचा रंग कॅमेऱ्यात येतच नाही. जो आलाच नाही तो परत कुठून आणू? मुहूर्तापासून सप्तपदीपर्यंत दिवे साधे पांढरे ठेवा, एवढं एक वाक्य डेकोरेटरला सांगायचं होतं. फुकट होतं, काका. ड्रोनपेक्षा स्वस्त.

आजीचं मात्र मला खरंच लागलं. ती गावाहून नऊवारी नेसून, गुडघ्यांना पट्टे बांधून आली आणि पहिल्या रांगेत बसली. त्या मुलाला कोण सांगणार ती कोण? तिच्या अंबाड्याचे दोन फोटो आहेत. कार्यालयाचे मॅनेजर मात्र सात फोटोंत आहेत, त्यातला एक आम्हा दोघांच्या मध्ये. फेटा बांधलेला असल्यामुळे ते वराचे मामा असावेत, असं त्याला वाटलं. नावांची यादी नाही, कोण कुणाचं ते दाखवायला सोबत माणूस नाही. माझा त्याच्यावर काडीइतका राग नाही. सूनमुखाच्या वेळी आरशात फ्लॅशचा पांढरा गोळा आला, तेवढा दोष त्याचा. झालीचा एकही फोटो नाही, तो तुमचा. तुम्हीच त्याला त्या वेळी “जेवून घे, आता काही राहिलं नाही” म्हणून पंगतीला बसवलंत.

आणि तरी त्या अल्बममध्ये एक फोटो असा आहे की कुणालाही हेवा वाटावा. कानपिळीचा. दादाचे दात, यांचा वाकडा झालेला चेहरा, मागे हसू दाबणारे गुरुजी, सगळं जिथल्या तिथे. दोन सेकंदांचा प्रकार, पण सापडला. कसा? दादाने आधी जाऊन त्याला सांगितलं होतं, “लाह्या टाकून झाल्या की मी कान पिळणार आहे, तू या बाजूला ये.” कॅमेरा तोच, मुलगा तोच आणि मेगापिक्सेलही तेवढेच.

तेव्हा धाकटीच्या वेळचं आम्ही ठरवून टाकलंय, तुम्हाला फक्त कळवते. मुहूर्त गोरज आहे. मार्गशीर्षात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. म्हणजे दोघांचे आणि घरच्यांचे फोटो पाचला सुरू झाले पाहिजेत, म्हणजे साडेचारला नवरी तयार पाहिजे, म्हणजे मेकअपवाली चारला येऊन चालणार नाही, दोनला यायला हवी. हा हिशेब उलटा करायचा असतो. फोटोग्राफर दोन आहेत, साखरपुडा झाला त्याच आठवड्यात इसार दिला. ते आधी कार्यालयात जाऊन उजेड कुठून येतो ते पाहून आलेत. गुरुजींशी बोललेत. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवायची आणि मंगलाष्टकांना खिशातून मोबाइल काढायचा नाही, असं गुरुजी स्वतः माइकवरून सांगणार आहेत. पहिलं नाव तुमचं घ्या असं मी सुचवलं होतं, आईने नको म्हटलं.

पण तुम्हाला रिकामं ठेवणार नाही. घरच्यांच्या फोटोंची यादी केली आहे: आजीसोबत सगळी नातवंडं, चारी आत्या, आजोळकडचे, तुमच्या पिढीतली भावंडं, असे पंधरा गट. एका गटाला माणसं गोळा करून उभी करायला तीन मिनिटं धरली, तर पाऊण तास जातो, आणि तोही कुणी चहाला पांगलं नाही तर. अख्ख्या खानदानाला नावानिशी ओळखणारा आणि माइकशिवाय कार्यालयाच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज असणारा माणूस आपल्याकडे एकच आहे. पाचच्या ठोक्याला यादी घेऊन लॉनवर उभे राहा. कॅमेऱ्याकडे पाठ करून नको.

आपली पुतणी

ता. क. फोटोग्राफर मंडळींना पहिल्या पंगतीला बसवणार आहोत. तुम्ही दुसरीला बसा.