यादीचे स्थलांतर: रहिवासी-पत्रकापासून सर्वेक्षण-प्रपत्रापर्यंत

दिल्लीतील मयूर विहार फेज-१ मधील डीडीएच्या (दिल्ली विकास प्राधिकरणाच्या) पॉकेटांत आणि आसपासच्या सहकारी सोसायट्यांत विखुरलेल्या मराठी कुटुंबांची यादी बहुधा मंडळाच्या एकाच एक्सेल फायलीत नांदत असते. गणेशोत्सवात महाप्रसाद कोणत्या दिवशी ठेवावा आणि मोदक उकडीचे असावेत की तळणीचे, यांवर मत घेण्यासाठी ती कोबोटूलबॉक्ससारख्या सर्वेक्षण-प्रणालीत चढवायची झाल्यास पूर्वशुद्धी अनिवार्य आहे.

प्रथम पहिल्या ओळीतील ‘॥ श्री ॥’ काढावे. प्रणाली पहिली ओळ स्तंभांची शीर्षके म्हणून वाचत असल्याने हे मंगलाचरण तसेच राहिल्यास ‘श्री’ नावाचा स्तंभ निर्माण होतो, सर्व फ्लॅट त्याच्या आश्रयाला जातात आणि दुसऱ्या ओळीतील खरी शीर्षके ‘नाव’ या नावाचे एक नवे कुटुंब म्हणून नोंदली जातात. (श्रद्धेस बाधा येऊ नये यासाठी फायलीच्या नावात ‘श्री’ घालण्यास हरकत नाही.) वर्गणी बाकी असलेल्यांची ओळ पिवळी करण्याची खजिनदारांची पद्धतही येथे निरुपयोगी ठरते, कारण यादी प्रणालीत ज्या रूपात जाते ती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर-फाइल, रंग जपत नाही आणि ती तयार होताच सर्व थकबाकीदार ऋणमुक्त होतात. त्यासाठी ‘वर्गणी बाकी’ असा स्वतंत्र स्तंभ आधीच करावा.

यानंतरचे संकट फ्लॅट क्रमांकाचे. ‘२-३’ असे टंकलिखित करताच एक्सेल त्यास दोन मार्च समजते; चूक उमगून तो सेल मजकूर-स्वरूपात बदलावा, तर ४५३५३ सारखी संख्या दिसू लागते, कारण एक्सेल तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस अशा रूपात साठवते आणि ही संख्या २ मार्च २०२४ ची आहे. याच सवयीला कंटाळून मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी जनुकनामे अधिकृतपणे बदलली. डीडीएने दिलेले फ्लॅट क्रमांक मात्र कोणत्याही समितीस बदलता येत नसल्याने, काही लिहिण्यापूर्वीच तो स्तंभ मजकूर-स्वरूपाचा करणे हाच मार्ग उरतो. दिल्लीच्या ‘०११’ या दूरध्वनी-संकेतांकातील आरंभीचे शून्यही याच उपायाने वाचते.

प्रश्नावलीसाठी वेगळी एक्सेल फाइल लागते. एक्सएलएसफॉर्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत ‘सर्व्हे’ नावाच्या पानावर प्रश्न आणि ‘चॉइसेस’ नावाच्या पानावर उत्तरांचे पर्याय असतात. प्रत्येक प्रश्नाला टाइप म्हणजे प्रकार, नेम म्हणजे यंत्राने ओळखायचे नाव आणि लेबल म्हणजे माणसाने वाचायचा मजकूर असे स्तंभ असतात. लेबलमध्ये ‘आपण सहकुटुंब येणार का?’ असे अगत्य चालते, नेममध्ये मात्र मोकळी जागासुद्धा चालत नाही. ‘रेलेव्हंट’ या स्तंभात अट लिहिल्यास, येणार नाही असे सांगणाऱ्यास किती माणसे येणार हा प्रश्न विचारला जात नाही. प्रत्यक्ष जिन्यावर कार्यकर्ते तो तरीही विचारतात. पर्यायांचे पान भरण्यास तांत्रिकदृष्ट्या पाच मिनिटे पुरतात, परंतु ‘इतर’ हा पर्याय ठेवावा की नाही यावर कार्यकारिणीची बैठक लांबते, आणि ठेवल्यास त्यात पुरणपोळी लिहिली जाते.

शेवटी रहिवासी-यादी सीएसव्ही म्हणून जतन करताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा. ही संकेतप्रणाली देवनागरी जपते. साध्या सीएसव्हीत समस्त कुलकर्णी, देशपांडे आणि शिंदे प्रश्नचिन्हांच्या रांगेत परिवर्तित होतात. यूटीएफ-८ मधील फाइल प्रपत्राला जोडून ‘पुलडेटा’ हे सूत्र वापरल्यास फ्लॅट क्रमांक लिहिताच कुटुंबाचे नाव आपोआप येते, मात्र ‘२-३’ आणि ‘२ - ३’ ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी घरे होत.

प्रपत्र सुरू झाल्यावर एखाद्या प्रश्नाचे नेम बदलल्यास त्याची पुढील उत्तरे नव्या स्तंभात जाऊन पडतात. तेव्हा कार्यवाहांनी अनंत चतुर्दशीपर्यंत तरी नेम या स्तंभास हात लावू नये, ही विनंती.