समोरून नमस्कार

आमच्या सोसायटीच्या फलकावर नवी सूचना लागली आहे : ‘सभासदांनी बनियन, लुंगी अथवा बर्मुडा घालून क्लबहाऊसमध्ये येऊ नये. संस्कृतीचे भान ठेवावे.’ खाली सचिवांची सही आणि शिक्का. ही सूचना चिकटवत होते आमचे खजिनदार. त्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर एक भला मोठा बूट छापलेला आहे. तो एका चष्मेवाल्याच्या बुडावर बसलाय आणि खाली ठळक अक्षरं : ‘पटत नसेल तर चालते व्हा!’ पँट मात्र फुल होती. संस्कृतीचं भान होतं.

टी-शर्ट प्रचारातला. निवडणूक झाली, निकाल लागला, खजिनदारांचा पक्ष जिंकला, गुलाल धुऊन निघाला. टी-शर्ट काही उतरत नाही. पक्ष कुठला, ते विचारू नका. तुमच्या इमारतीत ज्याची चलती असेल तोच.

मजकुराचं नंतर बोलू. माझा आक्षेप आधी जागेवर आहे. बूट पाठीवर का? छातीकडची बाजू कोरी, त्यामुळे समोरून माणूस म्हणजे मूर्तिमंत सौजन्य. ‘नमस्कार साहेब, गुडघा कसा आहे?’ आपण गुडघ्याची हकीकत सांगायची, त्यांनी ‘जपा हं’ म्हणायचं, वळायचं, आणि जाताजाता लाथ घालायची. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस दाराकडे तोंड करून उभा राहतो, ही जगरहाटी. त्यामुळे पाचव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत तो बूट माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. त्याच्या नाडीचा रंग दुसऱ्या भोकापाशी उडालाय, हे मला आता तोंडपाठ आहे. बागेत चालताना ते मला मागे टाकतात, की पाठ. उलट्या दिशेने चालावं, तर दर फेरीला आधी गुडघा, मग पाठ. गणपतीच्या आरतीला ते पहिल्या रांगेत : बाप्पाकडे कोरी बाजू, आमच्याकडे बूट.

बरं, हे लिहिलंय कुणासाठी? इमारतीत शंभरावर बिऱ्हाडं. न पटणारी तीन-चार. ज्यांना आधीच पटलंय त्यांना काय पटवणार? म्हणजे हा सगळा छापखाना आम्हा तीन-चार बिऱ्हाडांसाठी चालवलेला. लिफ्टमधली बाकीची मंडळी त्या बुटाकडे बघतसुद्धा नाहीत. ती माझ्याकडे बघतात. मी हसतो की नाही, ते. हसलो तर ‘खेळकर आहेत हो’, नाही हसलो तर ‘तरी मला वाटलंच होतं’. याला म्हणे गंमत म्हणतात! अहो, ज्या गमतीला हसलो नाही तर पुढच्या महिन्यात पार्किंगची जागा बदलते, तिला आमच्याकडे दमदाटी म्हणतात.

माझा पुतण्या परवा ‘प्रश्न विचारा’ एवढंच छापलेला टी-शर्ट घालून आला. छातीवर छापलेलं, पाठीवर नव्हे. बिचारा अजून लहान आहे. तो लिफ्टपर्यंत पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर खजिनदारांचा मेसेज : ‘कृपया सोसायटीत राजकारण आणू नये.’ खाली पंचेचाळीस अंगठे. म्हणजे बहुमताने घातला तर तो कपडा, आम्ही घातला तर ते राजकारण.

कायद्याने त्यांना एकदाच गाठलं. मतदान केंद्र आमच्याच क्लबहाऊसमध्ये होतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १३० : मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नको, निवडणुकीची खूण मिरवणं नको, दंड २५० रुपयांपर्यंत. दारावरच्या हवालदाराने अडवलं, तेव्हा यांनी जिन्याखाली जाऊन टी-शर्ट उलटा करून घातला. बूट त्या दिवशी पहिल्यांदाच योग्य पाठीला टेकला. पण हे कलम फक्त मतदानाच्या दिवसापुरतं. एरवी बनियनला बंदी, बुटाला मुभा.

येत्या वार्षिक सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात मी ठराव मांडणार आहे : ज्याला जे छापायचं ते त्याने छातीवर छापावं आणि गुडघ्याची चौकशी तसंच समोर उभं राहून करावी. ठराव पडणार, हे ठाऊक आहे. तिथे मी साधा पांढरा शर्ट घालून जाईन. तो कोरा आहे, हे मात्र मलाच सिद्ध करून दाखवावं लागेल.