मेंढ्या कापायच्या नाहीत

लग्नानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे २०२२ साली, मी बायकोला 'एज ऑफ एम्पायर्स' शिकवायला बसवलं. या फंदात पडू नकोस, असं मित्रांनी आधीच बजावलं होतं. एकाने तर स्वतःच्या घरची व्यवस्थाच समजावून सांगितली. अकराला बायको झोपते, मग दार लोटून घ्यायचं, कानाला हेडफोन लावायचा, दीड वाजेपर्यंत कुणाची कटकट नाही. त्याच्या घरात यावरून कधी भांडण झालं नाही, हे खरं आहे. पण आपला नवरा रोज रात्री दोन-अडीच तास कुठल्या मुलखात असतो, तिथे त्याला काय सुख मिळतं आणि काय सलतं, हे त्या बाईला दहा वर्षांत कळलेलं नाही. याला शहाणपण म्हणत असतील तर म्हणोत बापडे. मी खुळ्यांच्या बाजूचा आहे. ज्या खेळावर आपला जीव आहे त्यावर आपल्या माणसाचाही जडावा म्हणून जो धडपडतो, चारदा तोंडावर पडतो आणि पाचव्यांदा पुन्हा खुर्ची ओढून 'बस ना जरा' म्हणतो, त्याच्याइतका भला माणूस मी पाहिलेला नाही.

खेळ कुठला, ते आधी सांगतो. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ साली आला. माझी त्याची गाठ इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर पडली. वायरींनी एकमेकांना जोडलेले सहा-सात कॉम्प्युटर, खोलीत घामाचा आणि मॅगीचा वास, आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा 'एक शेवटची मॅच'. सुरुवातीला तुमच्याकडे फक्त तीन गावकरी असतात, एक घोड्यावरचा टेहळ्या आणि एक मोठी इमारत, टाउन सेंटर. भोवती सगळा काळोख. टेहळ्या पुढे जाईल तसा मुलूख उजळत जातो. गाठीला अन्न दोनशे. एक नवा गावकरी हवा तर पन्नास अन्न आणि पंचवीस सेकंद लागतात. पाचशे अन्न साठलं की अंधारयुगातून पुढच्या युगात जायचं, मग आठशे अन्न आणि दोनशे सोनं घालून त्याच्या पुढच्या, शेवटी हजार अन्न आणि आठशे सोनं घालून साम्राज्याच्या युगात. ज्या एन्सेम्बल स्टुडिओजने हा खेळ घडवला तो २००९ मध्ये बंद पडला, पण खेळ राहिला. २०१९ मध्ये तो नव्या रूपात आला आणि माझ्यासारखे हजारो जण चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा लाकडं तोडायला लागले.

पहिल्या रात्री मी सव्वा तास बोललो. टाउन सेंटर क्षणभरही रिकामं बसता कामा नये, हे आमच्या खेळातलं पहिलं व्रत. त्यामागोमाग वहीत लिहून काढलेला क्रम: पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, एकाने रानडुक्कर अंगावर घेऊन टाउन सेंटरपाशी पळवत आणायचं, मग बोरांच्या झुडपांशी गिरणी बांधायची. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग माउस हातात घेतला, टाउन सेंटरपाशी चरत असलेल्या मेंढ्यांवर बाण फिरवला आणि विचारलं, "या कुणाच्या?"

"आपल्याच. आपला माणूस जवळ गेला की त्या आपल्या रंगाच्या होतात."

"मग त्यांना मारायचं कशाला?"

"अन्न मिळतं ना. एका मेंढीचं शंभर."

"तुला मिळत असेल. मी नाही मारणार."

तिचं माहेर सासवडचं. घरात वारी आहे, आजोबांपासून सगळ्यांच्या गळ्यात माळ आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी सासवडला मुक्कामाला असते तेव्हा त्यांच्या अंगणात शंभर-सव्वाशे पानं उठतात. अशा घरातल्या मुलीला मी खेळाच्या पहिल्याच मिनिटाला मेंढी कापायला सांगत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. होस्टेलपासून आजवर मी त्या आठ मेंढ्यांकडे आठशे अन्न म्हणून पाहत आलो होतो. त्या चरतात, त्यांचं बें-बें ऐकू येतं, टेहळ्याच्या मागे त्या गावाकडे हळूहळू चालत येतात, हे मला तिच्या शेजारी बसल्यावर दिसलं.

तिने मेंढ्या गावाच्या मागे एका कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. सगळे गावकरी बोरांवर लावले, बोरं संपल्यावर साठ-साठ लाकूड मोजून शेतं पेरली. या पद्धतीने खेळलं की अन्न पुरत नाही, टाउन सेंटर रिकामं बसतं, पहिलं व्रतच मोडतं. मी दहा-अकरा मिनिटांत पुढच्या युगात जातो, तिला वीस मिनिटं लागली. पण या वीस मिनिटांच्या मधेच कधीतरी तिने मला असा एक प्रश्न विचारला, जो मी ज्यांच्याबरोबर रात्री जागवल्या त्यांच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

"हे एवढं धान्य गोळा करतात, पण जेवताना कुणीच दिसलं नाही. हे लोक जेवतात कधी?"

ते जेवत नाहीत. त्या जगात अन्न खाण्यासाठी नसतंच. ते मोजून द्यायचं चलन आहे: माणसं आणायला, घोडेस्वार आणायला, युग बदलायला. एकदा गावकरी आला की तो पुढे कितीही वेळ उपाशीपोटी शेत नांगरतो. घरंसुद्धा राहण्यासाठी नसतात. पंचवीस लाकडांचं एक घर बांधलं की लोकसंख्येची मर्यादा पाचाने वाढते, एवढंच. तिने एका घरावर क्लिक केलं, आत कोण आहे ते पाहायला. आत कुणी नव्हतं. "अरेरे," ती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटलेलं होतं.

ज्याला घरात शांतता हवी आहे त्या शहाण्या माणसाला हे कधी ऐकायला मिळत नाही. त्याचा खेळ त्याला पाठ असतो, आणि पाठ झालेली गोष्ट माणूस पाहायचं सोडतो. खुळा माणूस मात्र आपलं सगळ्यात मर्माचं ठिकाण दुसऱ्याच्या हाती देतो, आणि दुसरं माणूस तिथे भलतीच वस्तू उचलून विचारतं, हे काय आहे? त्या क्षणी राग येतो, मलाही आला. त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ते पाप घडतं. तिसऱ्या रात्री शत्रूचे भालाईत तिच्या शेतांत घुसले. ती घंटा शोधत होती. टाउन सेंटरची ती घंटा वाजवली की सगळे गावकरी हातातलं काम टाकून आत येऊन लपतात. तिला ती सापडेना, आणि मी तिच्या हातातून माउस काढून घेतला. गाव वाचलं. ती उठून गेली, स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकर घासायला घेतला, रात्री साडेअकराला. मी चुकलो होतो आणि मला ते तेव्हाच समजलं. हातातून माउस घेणं म्हणजे चालणाऱ्या मुलाला उचलून घेणं. वेळ वाचतो, पण चालणं थांबतं. तेव्हापासून तिचं गाव पेटलं तरी मी हात मागे बांधून बसतो. असं बसणं हीच या खुळाची खरी साधना आहे, आणि ती मला कामावर, ज्युनिअर मुलांना शिकवतानाही उपयोगी पडली.

माउसच्या त्या प्रसंगानंतर पंधरा दिवस खेळ बंद होता. त्या दिवसांत मी तिच्यासाठी वाचायला बसलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये या खेळाची 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' नावाची भर आली होती. त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा तीन नव्या संस्कृती आल्या आणि जुन्या 'इंडियन्स'ना 'हिंदुस्तानी' असं नाव मिळालं. मी गुर्जरांच्या उंटांबद्दल वाचत होतो आणि एका ओळीवर थांबलो: गुर्जरांना मेंढ्या मारायची गरज नाही, त्या गिरणीत नेऊन ठेवता येतात. जोपर्यंत त्या तिथे आहेत तोपर्यंत त्यांच्यापासून थोडंथोडं अन्न येत राहतं. शिवाय सुरुवातीलाच गावाजवळ बोरांची दोन झुडपं असतात. एरवी मी ही ओळ हिशेबाची म्हणून वाचली असती, आता किती, नंतर किती. त्या रात्री मी ती चिठ्ठी आल्यासारखी वाचली आणि तिला उठवलं. उठवायला नको होतं, सकाळी तिची शिफ्ट होती. पण तिने डोळे चोळत ती ओळ वाचली आणि म्हणाली, "म्हणजे दूध?"

दूध असं खेळात कुठे लिहिलेलं नाही. पण आमच्या घरात ते तेव्हापासून दूधच आहे.

मग मला माझ्या आजीने सांगितलेली जेजुरीची कथा आठवली. खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळायला बसला, हरला आणि पैजेप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर पडला. ती वर्षं त्याने चंदनपुरीला बाणाईच्या बापाकडे चाकर होऊन मेंढ्या राखल्या, असं सांगतात. लहानपणी मला या गोष्टीत देव हरला याचंच नवल वाटायचं. आता वाटतं, तो म्हाळसेला घेऊन खेळायला बसला हे मोठं. देवाला खेळायला गडी काय कमी होते? आपल्याकडे नवरा-बायकोने पट मांडून समोरासमोर बसणं ही देवादिकांपासून चालत आलेली गोष्ट आहे. ती मोडून दार लोटून एकट्याने खेळायला आपण कधी लागलो, ते मला माहीत नाही, पण त्यात आपलं काहीतरी गेलं आहे असं मला वाटतं.

फेडही करावी लागते, आणि आनंदाने करावी. तिने माझ्या खेळाला वेळ दिला, तर तिने बोलावल्यावर मी दर एकादशीला शेजारच्या काकांकडे भजनाला जाऊन बसायला लागलो. हातात टाळ दिले. पखवाज ज्या लयीत चालला होता ती मला सापडेना, आणि समोर बसलेली बायको हात मागे बांधल्यासारखी शांत होती. तिने मला खूण केली नाही, मान हलवून मात्रा दाखवली नाही. तिसऱ्या अभंगाला टाळ बरोबर पडला तेव्हा ती फक्त हसली. आपल्याला जे येत नाही ते आपल्या माणसासमोर शिकायचं, हे सोपं नाही. तिने ते माझ्यासाठी आधी केलं होतं, हे मला तिथे, त्या सतरंजीवर कळलं.

या खेळात फार थोड्यांना ठाऊक असलेली एक सोय आहे. खेळ सुरू करताना दोघांनी एकच रंग निवडला तर दोघे मिळून एकच गाव चालवतात. दोन कॉम्प्युटर, दोन माउस, पण लाकूड एक, सोनं एक, माणसं एकच. होस्टेलवर आम्ही ती कधी वापरली नाही, आम्हाला एकमेकांना हरवायचं असे. आम्ही दोघं आता असंच खेळतो, निळा रंग, गुर्जर. मी किल्ल्यासाठी दगड साठवतो आणि ती तो बुरुजाला वापरून टाकते. मी शेतावरची चार माणसं सोन्याच्या खाणीवर पाठवतो आणि वळून पाहतो तर ती पुन्हा शेतावर. घरखर्चाचं बोलणं आम्हाला त्यानंतर सोपं गेलं. कुणाला काय आधी हवं असतं, ते आम्ही आधी तिथे पाहिलेलं असतं. आणि घंटा आता तीच वाजवते. मी घोडेस्वार घेऊन शत्रूच्या दाराशी गेलेलो असतो आणि मागे घण् घण् ऐकू येतं. म्हणजे तिला माझ्याआधी काहीतरी दिसलेलं आहे.

गेल्या रविवारी आम्ही वाईट हरलो. माझं सगळं घोडदळ भालाइतांवर जाऊन कापलं गेलं, दोष माझाच. मग शत्रूचे ट्रेबुशे आले आणि दूरवरून धोंडे टाकत त्यांनी किल्ला पाडला, मग टाउन सेंटर पाडलं, गिरणी गेली. मी माउस सोडून दिला आणि खुर्चीत मागे रेललो. पण पराभवाचा फलक काही येईना. नकाशावर निळं अजून काहीतरी शिल्लक होतं.

"थांब," ती म्हणाली.

तिने एक गावकरीण केव्हाच जंगलाच्या कडेने बाहेर काढली होती. ती नकाशाच्या वरच्या टोकाला, आजवर न उजळलेल्या काळोखात चालत होती. तिच्या पावलांसरशी थोडी हिरवळ दिसायला लागली आणि तिथे, सबंध सामन्यात कुणाच्याही हाती न लागलेल्या दोन मेंढ्या उभ्या होत्या. गावकरीण जवळ गेली, तशा त्या निळ्या झाल्या.